पोतनीसांना शून्य चालत नाही

पोतनीसांच्या घरी मी पहिल्यांदा चहाला गेले, तेव्हा कप माझ्या हातात देण्याआधी त्यांनी मला त्या चहाची संपूर्ण माहिती दिली.

‘बापट मॅडम, या चहात आलं आहे. काही व्यक्तींना आल्यामुळे छातीत जळजळ होते. साखर दीड चमचा आहे. दूध कालचं आहे, पण तापवलेलं आहे. चहा घ्यायचा की नाही हे पूर्णपणे तुमच्या इच्छेवर आहे. अर्धा कप झाल्यावरही तुम्ही कधीही, कारण न देता, उठून जाऊ शकता. त्यामुळे आपल्या संबंधांवर काहीही परिणाम होणार नाही. काही प्रश्न आहेत?’

मला एकच प्रश्न होता आणि तो चहाबद्दल नव्हता.

पण माणसाला त्याच्या धंद्याचं पाणी लागतंच. आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर भाजीवालीच्या हिशेबावरही बरोबरची खूण करतात. पोतनीसांचं तेच. पनवेलमधल्या ज्या हॉस्पिटलात मी औषधांचा विभाग सांभाळते, तिथेच ते क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहेत. हा हुद्दा लग्नकार्यात कोणाला सांगितला की समोरचा ‘अरे वा’ म्हणतो आणि जिलबीकडे वळतो. म्हणून थोडक्यात सांगते. फिटच्या आजारावर, म्हणजे ज्याला कोणी आकडी म्हणतं, कोणी मिरगी म्हणतं, त्यावर नवीन औषध निघालं की ते आधी काही रुग्णांवर तपासून बघतात. सगळ्यांची जुनी औषधं चालूच असतात. त्यावर काहींना नवीन गोळी मिळते आणि काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी मिळते. कोणाला कोणती, हे रुग्णाला माहीत नसतं, डॉक्टरांना माहीत नसतं आणि गोळ्या देणाऱ्या मलाही माहीत नसतं. मी पेटीवरचा नंबर बघून पेटी देते. कोणालाच काही माहीत नसणं ही या कामाची पहिली अट. अनेक कचेऱ्यांत जे आपोआप जमून जातं, ते आमच्याकडे फार कष्टानं जमवावं लागतं.

आणि रुग्णाला यात घेण्याआधी त्याची संमती लागते. ती पोतनीस घेतात. पंधरा पानांचा मराठी मजकूर ते रुग्णाला आणि नातेवाइकांना शब्दन् शब्द वाचून दाखवतात, प्रश्न विचारायला लावतात आणि कोणी प्रश्न विचारला नाही तर संशयानं बघतात. हे वर्षानुवर्षं केल्यावर माणूस चहाचीही संमती घेणारच. हा लेख लिहिण्याआधी मीही त्यांची परवानगी घेतली. लेखी. रुग्णांची नावगावं बदलायची, त्यांनाही आधी वाचून दाखवायचं आणि पोतनीसांचा चांगुलपणा वाढवून सांगायचा नाही, या अटींवर त्यांनी सही केली. शेवटची अट पाळायला मला फारसा त्रास झाला नाही, कारण हा माणूस मला बरीच वर्षं विक्षिप्तच वाटत होता.

त्यांचा दुसरा देव म्हणजे नोंदवही. प्रत्येक रुग्णाला घरी एक वही देतात. आज फिट आली का, किती आल्या, किती वेळ चालल्या, हे घरच्यांनी रोज लिहायचं. दर महिन्याला ती वही पोतनीसांपुढे येते. तेव्हा ‘जरा’, ‘पुष्कळ’, ‘तसं बरं’ असले शब्द त्यांच्या टेबलावर चालत नाहीत. उरणकडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते.

‘सर, आता पुष्कळ कमी हाय,’ आजोबा म्हणाले.

‘पुष्कळ म्हणजे किती? आणि कमी म्हणजे कशापेक्षा?’

‘पयल्यापेक्षा.’

‘पहिल्यांदा किती होत्या?’

‘पुष्कळ.’

हे वीस मिनिटं चाललं. शेवटी आजोबा माझ्या औषधांच्या खिडकीशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, ‘मॅडम, या सायबांना कवापासून असा होतंय?’

वहीत चूक झाली तर ती खोडायचा एक नियम आहे. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. आणि ज्यानं लिहिलं, त्यानंच खोडायचं. पांढरी शाई लावणाऱ्याला पोतनीस खुनी समजतात. हा नियम त्यांनी हॉस्पिटलात ठेवला असता तर ठीक होतं. पण त्यांच्या सोसायटीच्या फळ्यावर ‘उद्या पाणी सकाळी ७ ते ९ येणार नाही’ अशी सूचना लागली आणि पाणी साडेदहापर्यंत आलं नाही, तेव्हा त्यांनी सेक्रेटरीला घरातून बोलावून आणून त्याच्या हातानं ‘९’ वर रेघ मारायला लावली. तेव्हापासून सेक्रेटरी सूचना लावताना वेळच घालत नाही. ‘पाणी येणार नाही’ एवढंच लिहितो.

बोलतानाही तेच. आमच्या यजमानांना बऱ्याच दिवसांनी भेटले तेव्हा म्हणाले, ‘बापटसाहेब, जाड झालात.’ मग माझा चेहरा बघून घाईनं, ‘‘जाड’ या शब्दावर एक रेघ. ‘भरलात’ असं वाचावं.’ यजमान अजून ते विसरलेले नाहीत, कारण खालचं वाचता येतं.

आणखीही तऱ्हा होत्या. रात्री साडेनऊला झोपणार म्हणजे झोपणार. माझ्या भाचीच्या रिसेप्शनला साडेआठला आले, नवरानवरी स्टेजवर यायच्या आत पाकीट माझ्या हातात कोंबून निघून गेले. जेवणाची वेळ एक मिनिट हलवायची नाही. उपास नाही, जागरण नाही. वाहन चालवत नाहीत. ‘परवाना नाही,’ एवढंच. कुठे जायचं असलं की माझ्या स्कूटरवर मागे बसतात, बॅग छातीशी धरून, आणि प्रत्येक खड्ड्याला ‘हं’ म्हणतात. घरी टेबलाच्या, कपाटाच्या, ओट्याच्या सगळ्या कोपऱ्यांना जुन्या स्लिपरांचे रबरी तुकडे चिकटवलेले. आणि बाथरूमच्या दाराला आतून कडीच नाही! मी त्या पहिल्या चहाच्या वेळी हात धुवायला गेले आणि तशीच परत आले. ‘एकट्या माणसाला कडी कशाला?’ पोतनीस म्हणाले. एकटी राहणारी माणसं वयाबरोबर तऱ्हेवाईक आणि चिक्कू होतात, असं माझं मत पडलं आणि ते मी स्टाफमध्ये सगळ्यांना सांगितलंही.

बायको होती. तिच्याबद्दल कोणी विचारलंच तर म्हणत, ‘त्या सध्या नाशिकला असतात.’ हे ‘सध्या’ सत्तावीस वर्षं चालू होतं. दुसऱ्याच्या ‘जरा’ची चौकशी करणारा माणूस, पण त्याच्या ‘सध्या’ची चौकशी करायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही.

तर अशा माणसापुढे एके दिवशी स्नेहलची वही आली.

स्नेहल घरत, गव्हाणची. बावीस वर्षांची, बीकॉम झालेली, हसतमुख मुलगी. तेराव्या वर्षापासून फिट. सोबत नेहमी आई, सुनंदाताई. चाचणीत आली तेव्हा महिन्याला चारपाच वेळा तरी यायच्या. आणि आता वहीत सलग दहा आठवडे शून्य. एकही फिट नाही.

सगळ्यांना आनंद झाला. डॉक्टरांना झाला, औषध कंपनीच्या माणसांना तर फारच झाला. मीही मनात म्हटलं, हिच्या पेटीत खरी गोळी आहे वाटतं. चाचणीचा पहिला टप्पा संपत आला होता आणि पुढच्या टप्प्यात डॉक्टरांना जुनी औषधं कमी करायची मुभा होती. जुन्या गोळ्यांनी स्नेहलला फार झोप यायची, केस गळायचे. शुक्रवारी ती येईल तेव्हा त्यातली एक गोळी कमी करायला सुरुवात करू, असं डॉक्टरांनी ठरवलं. स्नेहलचं लग्नही ठरलं होतं. तीन आठवड्यांवर आलं होतं. सगळं कसं जुळून आलं होतं.

फक्त पोतनीसांचं तोंड उतरलं होतं.

‘मला शून्य चालत नाही,’ माझ्या खिडकीशी उभे राहून ते म्हणाले. ‘एकदम शून्य म्हणजे बहुतेक वेळा कोणीतरी मोजायचं थांबलेलं असतं.’

‘अहो, एखाद्याचं बरं झालेलं तुम्हाला बघवत नाही का?’

‘तिच्या मनगटावर चटक्याचा डाग आहे. नवीन. मी विचारलं कशानं, तर ती बोलायच्या आत आई म्हणाली, भाकऱ्या करताना मांजर आडवी आली.’

‘मग येत नाही का मांजर आडवी?’

‘येते. पण मांजर आडवी आली तर माणूस हात मागे घेतो. हा डाग तव्यावर हात राहिल्याचा आहे.’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘बापट मॅडम, हे शून्य खोटं असेल आणि शुक्रवारी गोळी कमी झाली, तर एकामागून एक येत राहतील. मग थांबवता येणार नाहीत. जीव जाऊ शकतो पोरीचा.’

हे मात्र खरं होतं.

डॉक्टरांची परवानगी काढून आणि घरतांकडे फोन करून गुरुवारी दुपारी आम्ही निघालो. मी कशाला? तर एक साक्षीदार हवा आणि साक्षीदाराकडे स्कूटर हवी. उरण रस्त्यावर न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरांची रांग लागलेली. दोन ट्रेलरच्या मधून मी स्कूटर काढत होते आणि मागून पोतनीस मला संमतीपत्राचा सातवा परिच्छेद ऐकवत होते, कारण घरी जाऊन काय विचारायचं आणि काय नाही ते त्यात होतं.

घर दुमजली, नवं. लादी आरशासारखी आणि ओटीवर सुकट वाळत घातलेली. सुनंदाताईंनी ‘या या, बसा’ म्हणत चहा आणला. तो कोणत्याही माहितीशिवाय आला. पोतनीसांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निमूट प्यायले.

वही मागितली तेव्हा ती तांदळाच्या पिंपातून निघाली. वरचं पुठ्ठ्याचं कव्हर फाडून टाकलेलं, कारण त्यावर आजाराचं नाव छापलेलं होतं. आत ओळीनं शून्यं. पोतनीसांनी पानं उलटली.

‘ताई, ही सगळी शून्यं एकाच बैठकीत लिहिलीत. शाई एक, जोर एक. शेवटी शेवटी हात दुखलाय तुमचा.’

‘नाय वो सर, रोज लिवते मी.’

पोतनीसांनी वही मिटली. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं होतं. आपल्या सगळ्यांच्या घरी असतं तसंच कॅलेंडर. कुठे गॅस लावल्याची तारीख, कुठे दूध घेतलं नाही त्याची फुली. पण काही चौकोनांत बोटानं लावलेला कुंकवाचा ठिपका होता. एका चौकोनात दोन ठिपके. पोतनीस उठले, कॅलेंडरपुढे जाऊन उभे राहिले आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक पान बघू लागले.

‘ताई, हे काय आहे?’

सुनंदाताई पदराशी खेळत राहिल्या. आतून स्नेहल दारात आली. ‘आई, सांग आता.’

‘त्या दिवशी गावदेवीला दिवा लावते मी,’ त्या म्हणाल्या.

‘कोणत्या दिवशी?’

‘तिला येते त्या दिवशी.’

पोतनीसांनी मोजले. दहा आठवड्यांत अकरा.

‘म्हणजे मला खोटं लिहिलंत आणि देवीला खरं?’

‘तुमाला काय सर, तुमी कागदावर बघता. देवीला खोटा कसा सांगू? तिनं तं बघितलंय.’

आता पोतनीस रागावतील, असं मला वाटलं. पण ते माझ्या कानाशी आले आणि भारावल्या आवाजात पुटपुटले, ‘हे खरं मूळ कागदपत्र, बापट मॅडम! किती स्वच्छ नोंद! दोन आल्या तर दोन ठिपके!’ त्या माउलीला फसवणुकीबद्दल बोलायचं सोडून हा माणूस तिच्या ठिपक्यांवर खूश होता. कॅलेंडरची झेरॉक्स काढायला मिळेल का, हेही त्यांनी विचारून घेतलं.

मग सुनंदाताई रडू लागल्या. मुलगा उलव्याचा, न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात नोकरी, निर्व्यसनी. असं स्थळ पुन्हा येणार नाही. त्याची आत्या याच आळीत राहते, येते-जाते, कपाटं उघडून बघते. वही तिच्या हाताला लागली असती तर?

‘सर, लगीन व्हऊ द्या, मंग आमीच सांगू. तीन हप्ते फक्त. तेवढा शून्य राहू द्या. तुमच्या पाया पडते.’

‘मला सांगायचंय त्याला,’ स्नेहल म्हणाली. ‘रोज फोनवर बोलतो आम्ही. रोज वाटतं आज सांगावं. आई शपथ घालते.’

पोतनीसांकडे मी बघितलं. आता परिच्छेद सात येणार, हे मला पाठ होतं. रुग्णाचा खासगीपणा, रुग्णाचा अधिकार, आपण मत द्यायचं नाही. पोतनीसांनी पेनाला टोपण लावलं. कामाच्या वेळात त्यांना पेनाला टोपण लावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘माझ्या लग्नात माझ्या आईनंही शून्यच सांगितलं होतं.’

बाहेर एक ट्रेलर हॉर्न देत गेला, तो जाईपर्यंत ते थांबले.

‘मला चौदाव्या वर्षापासून येतात. आता गोळ्यांवर फार कमी. वर्षाला एखादी. लग्न झालं तेव्हा जास्त येत होत्या. आईनं माझ्या गोळ्या हिंगाच्या डबीत ठेवल्या होत्या. नवव्या दिवशी मी आंघोळीला गेलो, आतून कडी लावली आणि तिथेच आली. बायकोनं पडल्याचा आवाज ऐकला. दार उघडेना. एकवीस वर्षांची मुलगी ती. शेजाऱ्यांनी दार फोडलं.’

‘घाबरल्या असतील,’ सुनंदाताई म्हणाल्या.

‘घाबरली नाही. माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला शुद्ध आल्यावर पाणी दिलं. मग आई सगळं बोलून बसली. तेव्हा ती म्हणाली, या घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मलाच नाही.’ पोतनीसांनी रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. ‘आमच्या कामात निदान कोणालाच माहीत नसतं हो. ती गेली. फिटमुळे नाही गेली. तिनं जाताना कारण सांगितलं आणि ते बरोबर होतं.’

मी मान खाली घातली होती. स्लिपरांचे तुकडे लावलेले कोपरे, कडी नसलेलं दार, साडेनऊची झोप, न काढलेला परवाना. मी फार्मसीवाली. जागरण आणि उपास यांनी फिट येते, हे दिवसाला दहा जणांना मी सांगते, त्या गोळ्या मोजून देते. आणि समोर बसलेल्या माणसाला मी चिक्कू ठरवून मोकळी झाले होते. स्वतःच्या गोळ्या ते माझ्या खिडकीतून कधी घेत नसत. लांबच्या कुठल्या तरी दुकानातून आणत असणार. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

सुनंदाताई म्हणाल्या, ‘तुमची आय वाईट नवती, सर.’

‘मुळीच नव्हती. म्हणून तर तिला कधी काही बोलता आलं नाही.’

सुनंदाताईंनी डोळे पुसले आणि वही पुढे ओढली. ‘कसा खोडायचा ते सांगा.’

पोतनीसांनी टोपण काढून पेन दिलं. कॅलेंडर खाली उतरवून मांडीवर घेतलं आणि ते तारखा सांगत गेले. सुनंदाताई शून्यावर रेघ मारायच्या, शेजारी आकडा लिहायच्या, ‘सुनंदा’ अशी सावकाश सही करायच्या आणि प्रत्येक सहीनंतर वर बघायच्या, बरोबर झालं का. ‘छान’ असं पोतनीस दर वेळी म्हणाले. स्नेहल मोबाईल घेऊन गच्चीवर गेली होती. ती खाली यायच्या आत पोतनीस निघायला उभे राहिले.

‘थांबूया की दोन मिनिटं,’ मी म्हटलं. ‘काय म्हणाला ते तरी कळेल.’

‘तो आपला विषय नाही.’

शुक्रवारी डॉक्टरांनी खोडलेली वही बघितली, कपाळाला हात लावला आणि गोळी कमी करायचं रद्द केलं. उलट जुन्या गोळीचा डोस थोडा वाढवला. कंपनीच्या माणसांची तोंडं आंबट झाली. त्यांना दहा आठवड्यांचं शून्य फार आवडलं होतं. पोतनीस मात्र त्या पानांकडे नातवाचं प्रगतिपुस्तक बघावं तसे बघत होते. स्नेहल त्या दिवशी आईबरोबर आली होती. एवढंच म्हणाली, ‘सांगितलं मी. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग फोन नाही आला.’

पुढचे सहा दिवस ‘तो आपला विषय नाही’ हे पोतनीसांनी मला कोणी न विचारता दिवसातून चारपाच वेळा सांगितलं. एकदा तर सकाळी मी खिडकीचं शटर वर करत असतानाच येऊन सांगितलं. लग्न मोडलं असणार, याबद्दल माझी खात्री झाली होती. एका खऱ्या आकड्यासाठी आपण पोरीचा संसार सुरू व्हायच्या आधीच मोडला की काय, हे मला खात होतं. त्यांनाही खात असणार. डबा अर्धाच संपायचा त्यांचा.

गुरुवारी दुपारी माझ्या खिडकीशी एक तरुण उभा राहिला. अंगात यार्डाचं नारिंगी जाकीट, हातात हेल्मेट.

‘ते फिटवाले सर कुठं बसतात?’

मी त्याला पोतनीसांच्या खोलीत नेलं आणि औषधाची एक पेटी तपासायचं निमित्त काढून दारातच थांबले. त्यानं नाव सांगितलं, निकेश पाटील, उलवे. पोतनीस ताडकन उभे राहिले.

‘मी तुम्हाला कोणत्याही रुग्णाबद्दल काहीही माहिती देऊ शकत नाही.’

‘माहिती नको सर. तिनं दिली सगली. घरी मी सांगितलंय. आई रडली दोन दिवस, आता ठीक हाय. आत्या बोलते, ती बोलू दे.’ त्यानं हेल्मेट टेबलावर ठेवलं. ‘मला येवढाच विचारायचाय. माझ्यासमोर आली तर मी काय करू? कोण सांगतो चप्पल हुंगव, कोण सांगतो कांदा फोड, कोण बोलतो तोंडात चमचा घाल. मोबाईलवर बघितला तं तिथं पण दहा जण दहा सांगतात.’

पोतनीस खाली बसले. खणातून छापील कागद काढला आणि वाचू लागले. ‘एक. रुग्णाभोवतीच्या टोकदार वस्तू बाजूला कराव्यात. दोन...’

‘सर, वाचून नाय समजत मला,’ निकेश म्हणाला. ‘यार्डात पण आमाला करून दाखवतात. कोण पडला तं कसा उचलायचा, कसा धरायचा, सगला. आमच्याकडून करून घेतात, मंगच आत सोडतात.’

पोतनीसांनी कागद खणात परत ठेवला. मग त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला, शर्टाचं वरचं बटण सोडलं, घड्याळ सैल केलं आणि फायलींच्या दोन कपाटांच्या मधल्या मोकळ्या जागेत, छप्पन्न वर्षांचा तो माणूस, कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी जमिनीवर उताणा झोपला.

‘करा,’ ते म्हणाले.

निकेश क्षणभर बावरला. मग यार्डातल्यासारखा झटकन कामाला लागला. खुर्ची मागे सारली. जाकीट काढून घडी केली आणि पोतनीसांच्या डोक्याखाली सरकवली. गुडघ्यावर बसला. पोतनीस डोळे मिटून एकेक सांगत होते आणि तो करत होता. दाबून धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. झटके थांबेपर्यंत नुसतं डोकं आपटू द्यायचं नाही. मग लांबचा गुडघा दुमडायचा, खांद्याला धरायचं आणि आपल्याकडे, कुशीवर वळवायचं. निकेशनं त्यांना लहान मुलाला वळवावं इतक्या जपून वळवलं आणि त्यांचाच हात त्यांच्या गालाखाली ठेवला.

‘असा?’

‘असंच. पाच मिनिटांच्या वर चाललं तर थांबायचं नाही, गाडी बोलवायची. नाहीतर काही करायचं नाही. पाणी नाही, हाका नाहीत, गर्दी नाही. फक्त जवळ बसायचं.’

‘किती वेळ?’

‘तिनं डोळे उघडून तुम्हाला ओळखेपर्यंत. घाबरलेली असते तेव्हा. आपण कुठे आहोत ते कळत नसतं. त्या वेळी कोणीतरी ओळखीचं लागतं.’

निकेश मांडी घालून जमिनीवर बसला. एक हात त्यानं पोतनीसांच्या खांद्यावर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागला. शिकवलेलं सगळं संपलं होतं. पोतनीसांनी आता उठायला हवं होतं. ते उठले नाहीत. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाहेर त्यांच्या नावाचा पुकारा झाला. निकेशनं माझ्याकडे बघून मान हलवली, झालं ना, उठू का, अशा अर्थानं. आणि तो खांद्यावरचा हात उचलू लागला.

‘हात काढू नका,’ पोतनीस डोळे न उघडता म्हणाले.

मी दार लोटून घेतलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना सांगितलं, सर कामात आहेत.